पैसा घरचा, नजर उसनी!

मार्च २०२५ अखेरच्या तिमाहीत भारतीय शेअर बाजारात एक घटना घडली. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांनी दोन परिच्छेदांत तिची बोळवण केली. राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांमध्ये म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आदी देशी संस्थांचा वाटा १७.६२ टक्क्यांवर पोहोचला आणि विदेशी संस्थांचा वाटा १७.२२ टक्के इतका उरला. देशी भांडवलाने विदेशी भांडवलाला प्रथमच मागे टाकले! त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, विदेशी संस्थांनी एका महिन्यात सुमारे ९४ हजार कोटी रुपयांची विक्री केली होती. त्यांना चीनचे शेअर स्वस्त आणि भारताचे महाग वाटू लागले होते, एवढेच कारण. २००८ साली विदेशी पैसा असाच निघून गेला तेव्हा जानेवारीत २१ हजारांवर असलेला निर्देशांक ऑक्टोबरात आठ हजारांखाली कोसळला होता. २०२४ मध्ये बाजार घसरला, पण कोलमडला नाही. डोंबिवली, चिंचवड, नाशिक, इचलकरंजी, नागपूर अशा गावांतील पगारदार कुटुंबांचे दरमहाचे पाचशे-हजार-पाच हजार रुपये त्याच्या पाठीशी उभे होते. त्याच ऑक्टोबरात या मासिक हप्त्यांची देशभरातील बेरीज २५ हजार कोटींच्या वर गेली होती.

स्वदेशीच्या इतिहासात या घटनेला मानाचे पान मिळायला हवे. सार्वजनिक काका, अर्थात गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताचे कपडे घालून गेले, तेव्हा त्यांच्या मनात जे होते त्याचाच हा एक दूरचा फलितांश आहे. देशाच्या उद्योगाला देशाच्याच बचतीतून भांडवल मिळू लागले आहे. प्रश्न आहे तो पुढचा. हा पैसा ज्याच्या खिशातून निघतो तो गुंतवणूकदार वाचतो काय? व्यवसायाविषयी, समाजाविषयी आणि जगाच्या घडामोडींविषयी त्याची मते कोण घडवितो?

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी संशोधन करावे लागत नाही. दरवर्षी डिसेंबर उजाडला की 'गुंतवणूकदाराने काय वाचावे' याच्या याद्या फिरू लागतात. एखाद्या नामांकित गुंतवणूकदाराने वर्षभरात वाचलेली पुस्तके, लेख आणि पत्रे निवडून दिलेली असतात आणि नवशिक्या तरुणापासून निवृत्त बँक अधिकाऱ्यापर्यंत सारे ती भक्तिभावाने जपून ठेवतात. या याद्यांत बेंजामिन ग्रॅहम यांचे १९४९ चे 'द इंटेलिजन्ट इन्व्हेस्टर' असते, वॉरन बफे यांची भागधारकांना लिहिलेली वार्षिक पत्रे असतात, चार्ली मंगर यांची भाषणे असतात, हॉवर्ड मार्क्स यांची टिपणे असतात. त्यांच्यामागे रे डालिओ यांचा पाचशे वर्षांच्या साम्राज्यांचा इतिहास येतो, नायल फर्ग्युसन येतात, आणि सर्वांवर कळस म्हणून लंडनचे 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक. यादी पुण्यात बनलेली असो वा बोस्टनमध्ये, तिच्यातील नावे तीच असतात. भारतीय नाव असलेच तर ते परदेशी विद्यापीठात स्थिरावलेल्या एखाद्या प्राध्यापकाचे.

या यादीतील सर्वच टाकाऊ आहे असे कोणी म्हणू नये. बफे यांनी ओमाहा या आडगावच्या शहरात १९५८ साली घेतलेल्या घरातच आयुष्य काढले, कर्ज काढून व्यापार करणे टाळले आणि कळत नाही त्या धंद्यात पैसा घातला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तलेले मंगर मत्सर, उधळपट्टी आणि फसवेगिरी यांवर कोरडे ओढीत राहिले. हा उपदेश सोन्यासारखा आहे. गंमत एवढीच, की अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ज्या घरात आजीने सांगितले तेव्हा जुनाट वाटले, त्याच घरात ते ओमाहाहून आले की चौकटीत बसवून भिंतीवर लावले जाते! असो. व्यवसायाच्या बाबतीत ही यादी उपयुक्त आहे, हे मान्य करून पुढे जायला हरकत नाही. बिघाड सुरू होतो तो ही यादी ताळेबंदाची पाने ओलांडून समाज आणि इतिहास शिकवू लागते तेव्हा.

नायल फर्ग्युसन यांचे २०११ चे 'सिव्हिलायझेशन' घ्या. पश्चिमेने उर्वरित जगावर मात का केली, याची सहा कारणे त्यांनी दिली आहेत : स्पर्धा, विज्ञान, मालमत्तेचे हक्क, वैद्यक, उपभोगी समाज आणि कष्टाची वृत्ती. गुंतवणूकदार मंडळींना असे सुटसुटीत सहा मुद्दे फार आवडतात. मालमत्तेचे हक्क! कोणाचे? ज्या ईस्ट इंडिया कंपनीला या वर्तुळात जगातील पहिल्या मोठ्या भागभांडवली कंपन्यांपैकी एक म्हणून कौतुकाने वाखाणले जाते, तिचा ताळेबंद एकदा गुंतवणूकदाराच्याच नजरेने तपासून पाहावा. १७६५ साली बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली. १७७० साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला; प्रांताची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या नष्ट झाली असा अंदाज त्या काळी खुद्द कंपनीच्या अधिकाऱ्यांनी केला. दुष्काळानंतरच्या वर्षी, १७७१ मध्ये, बंगालचा निव्वळ महसूल १७६८ पेक्षाही अधिक गोळा झाल्याचे वॉरन हेस्टिंग्जने लंडनला कळविले. माणसे मेली, वसुली वाढली. त्याच वर्षी कंपनीने लंडनमधील भागधारकांना साडेबारा टक्के लाभांश दिला!

एवढे करूनही कंपनी बुडायला आलीच. १७७३ साली ब्रिटिश सरकारला तिला १४ लाख पौंडांचे कर्ज देऊन वाचवावे लागले आणि तिचा न खपलेला चहा अमेरिकेत खपविण्यासाठी कायदा करावा लागला. बड्या कंपनीने जोखीम घ्यायची, नफा भागधारकांनी वाटून घ्यायचा आणि तोटा सरकारने सोसायचा, ही २००८ साली न्यूयॉर्कमध्ये दिसलेली रीत इतकी जुनी आहे. या प्रकरणात बंगालचा शेतकरी आणि विणकर कोणत्या रकान्यात मांडायचे? त्यांच्या मालमत्तेच्या हक्कांचे काय झाले? फर्ग्युसन यांचा वाचक हा प्रश्न विचारीत नाही. विचारण्याची सवयच त्याला लागलेली नसते.

फर्ग्युसन यांच्या सहाव्या कारणाचे मूळ मॅक्स वेबरमध्ये आहे. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१६ साली हिंदू आणि बौद्ध धर्मांवर ग्रंथ लिहून असा निष्कर्ष काढला, की कर्मसिद्धान्त आणि जातिव्यवस्था यांत जखडलेल्या समाजातून आधुनिक उद्योगव्यवस्था आपोआप उगवणे शक्य नाही. सतराव्या शतकात सुरतेचे विरजी व्होरा खुद्द इंग्रज कंपनीला कर्ज देत होते आणि एका पेढीची हुंडी शेकडो कोस दूरच्या पेढीवर वटत होती, ही वस्तुस्थिती त्या सिद्धान्ताच्या आड आली नाही. वेबरला बिचाऱ्याला दोष कशाला द्यावा? त्याचे शिष्य दिल्लीतच निघाले. स्वातंत्र्यानंतर परवाना-कोटा पद्धतीने देशाचा विकासदर तीन-साडेतीन टक्क्यांवर रुतवून ठेवला. धोरण समाजवादी, नियोजन सोव्हिएत नमुन्याचे, निर्णय योजना आयोगाचे. आणि १९७८ साली अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी या रडतखडत चालीला नाव दिले : 'हिंदू विकासदर'! सोव्हिएत संघ आर्थिक अरिष्टात कोसळला तेव्हा त्याला कोणी 'ख्रिस्ती घसरण' म्हटले नाही. हिंदूंच्या बाबतीत मात्र धोरणाचा दोष संस्कृतीच्या माथी मारला गेला आणि तो शब्द जगभरच्या अभ्यासक्रमांत जाऊन बसला. मार्च २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनीही, देश त्या 'हिंदू दरा'च्या धोकादायक रीतीने जवळ पोहोचल्याचा इशारा दिला. पुढच्या आर्थिक वर्षात विकासदर सात टक्क्यांच्या वर राहिला. इशारा विसरला गेला, शब्द मात्र टिकून आहे.

१८४३ : एक लंडनमध्ये, एक मुंबईत

'द इकॉनॉमिस्ट'विषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. जागतिक घडामोडींवर मत बनविण्यासाठी भारतातील सुशिक्षित गुंतवणूकदार ज्या एका नियतकालिकावर डोळे मिटून विश्वास ठेवतो ते हेच. त्याची स्थापना १८४३ साली जेम्स विल्सन यांनी केली. हॅट बनविण्याच्या धंद्यातील हा स्कॉटिश गृहस्थ खुल्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता होता. १८५३ साली त्याने पूर्वेकडच्या व्यापारासाठी चार्टर्ड बँक काढली. १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाने ब्रिटिशांची हिंदुस्थानातील तिजोरी रिकामी केली, तेव्हा ती भरण्यासाठी ज्या माणसाला व्हाइसरॉयच्या मंडळात वित्त सदस्य म्हणून पाठविण्यात आले तो हाच. १८६० मध्ये त्याने हिंदुस्थानावर पहिला प्राप्तिकर बसविला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात त्याचा मृत्यू झाला. बंड मोडून काढण्याचा खर्च ज्यांच्याविरुद्ध ते मोडले त्यांच्याकडूनच वसूल करण्याची ही योजना होती. भारतीय करदात्याच्या हातात दर आठवड्याला पडणाऱ्या त्या चकचकीत अंकाचा हा पूर्वेतिहास त्याला ठाऊक असतो काय?

याच १८४३ साली मुंबईत रामकृष्ण विश्वनाथ नावाच्या एका मराठी लेखकाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. 'हिंदुस्थानची प्राचीन व सांप्रतची स्थिती व पुढे काय त्याचा परिणाम होणार याविषयी विचार' असे त्याचे लांबलचक नाव. परकीय राज्यात या देशाच्या संपत्तीचा ओघ बाहेर कसा वाहतो आहे याचा विचार त्यात आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकर या तरुणाने 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'एक हिंदू' या नावाने पत्रे लिहून कंपनीच्या लुटीचा हिशेब मांडला होता. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' त्याच वर्षी सुरू झाले आणि त्यातही हाच सूर होता. दादाभाई नौरोजींचा संपत्ती-निःसारणाचा सिद्धान्त जगाला पुढे कळला, पण त्याची बीजे मुंबईतील या मराठी मंडळींनी त्याआधी दोन-तीन दशके पेरली होती, हे इतिहास संशोधक ज. वि. नाईक यांनी साधार दाखवून दिले आहे.

एकाच वर्षी दोन माणसे अर्थकारणावर लिहू लागली. एकाने लंडनमधून व्यापाऱ्याची बाजू मांडली, दुसऱ्याने मुंबईतून लुटल्या जाणाऱ्याची. आज पुण्या-मुंबईतील ज्या मराठी तरुणाच्या वाचनयादीत पहिल्याचे साप्ताहिक अग्रस्थानी आहे, त्याला दुसऱ्याचे नावही माहीत नाही. याला मेकॉलेचे यश म्हणायचे नाही तर काय?

आणि या साप्ताहिकाचे भाकीत तरी कधी खरे ठरले? एप्रिल २०१४ मध्ये त्याने नरेंद्र मोदींना कोणी रोखू शकेल काय असा प्रश्न मुखपृष्ठावर टाकून भारतीय मतदाराला राहुल गांधींच्या पारड्यात मत टाकण्याचा सल्ला दिला. मतदाराने तो मानला नाही. १६ मे रोजी मतमोजणी सुरू असताना निर्देशांकाने २५ हजारांची पातळी प्रथमच ओलांडली. लंडनच्या भीतीवर विसंबून ज्याने शेअर विकले असतील त्याने आपला हिशेब आपणच करावा.

वाचायला देणाऱ्याचा सौदा

विदेशी माहिती पूर्वग्रहदूषित असली तरी निदान निःस्वार्थ असेल, असे समजणाऱ्यांसाठी २४ जानेवारी २०२३ हा दिवस पुरेसा आहे. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या हिंडेनबर्ग रिसर्च या संस्थेने अदानी समूहावर एक प्रदीर्घ अहवाल प्रसिद्ध केला. समूहाच्या बाजारमूल्यात काही दिवसांतच शंभर अब्ज डॉलर्सहून अधिक घट झाली. आयुर्विमा महामंडळाने त्यात पैसा गुंतविलेला असल्याने कोट्यवधी विमाधारक घाबरले. अहवालातच एक कबुली होती : समूहाचे रोखे आणि शेअर पडले तर फायदा होईल असा सौदा हिंडेनबर्गने स्वतःच करून ठेवला होता. कंपनीच्या कारभाराची चिकित्सा व्हावी की नाही हा येथे प्रश्न नाही. ती व्हायलाच हवी आणि ती सर्वोच्च न्यायालय व 'सेबी'ने केली. सप्टेंबर २०२५ मध्ये 'सेबी'ने त्यातील काही आरोप फेटाळले. दरम्यान, जानेवारी २०२५ मध्ये हिंडेनबर्गने आपले दुकानच बंद केल्याचे जाहीर केले. प्रश्न वाचकाच्या बेसावधपणाचा आहे. घसरणीवर पैसा लावून बसलेल्याने लिहिलेला मजकूर या देशातील वृत्तवाहिन्यांनी आणि विरोधी बाकांवरील पुढाऱ्यांनी वेदवाक्याप्रमाणे वाचून दाखविला!

त्या गदारोळात तीनच आठवड्यांनी जॉर्ज सोरोस म्युनिकमध्ये उभे राहिले आणि या प्रकरणामुळे मोदींची पकड सैल होऊन भारतात लोकशाहीचे पुनरुज्जीवन होईल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. हे तेच गृहस्थ, ज्यांनी १९९२ साली ब्रिटिश पौंड पडणार यावर पैसा लावून एक अब्ज डॉलर्स कमावले. सोरोस यांचे १९८७ चे 'द अल्केमी ऑफ फायनान्स' हे पुस्तक गुंतवणूकदारांच्या यादीत हमखास असते आणि ते वाचावेच, कारण त्यात त्यांनी आपले गुपित स्वतःच सांगून टाकले आहे. त्यांचा सिद्धान्त असा, की बाजारात लोकांची समजूत ही वस्तुस्थितीचे केवळ प्रतिबिंब नसते. ती समजूतच वस्तुस्थितीला बदलते. कर्ज देणाऱ्याला एखादी कंपनी बुडणार असे वाटू लागले की तो कर्ज नाकारतो, आणि कर्ज नाकारले म्हणून ती खरोखरच बुडते. हाच न्याय राष्ट्राला लावून पाहावा. जगाने भारताविषयी काय वाचावे हे ज्याच्या हातात, भारताला किती व्याजाने पैसा मिळावा हेही काही प्रमाणात त्याच्याच हातात!

ही अतिशयोक्ती नाही. २००१ साली गोल्डमन सॅक्सच्या जिम ओनील यांनी चार देशांची आद्याक्षरे जोडून 'ब्रिक' हा शब्द काढला आणि पैशाचा ओघ त्या देशांकडे वळला. २०१३ साली मॉर्गन स्टॅनलेने 'नाजूक पाच' देशांत भारताचे नाव घातले आणि आधीच घसरत असलेल्या रुपयाला आणखी एक डाग लागला. एस अँड पी या पतमापन संस्थेने जानेवारी २००७ मध्ये भारताला गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या सर्वात खालच्या पायरीवर बसविले आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत, साडेअठरा वर्षे, तेथून हलू दिले नाही. या काळात भारत जगातील पाचव्या क्रमांकाची अर्थव्यवस्था बनला. पाचव्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेला इतकी खालची श्रेणी पूर्वी कधी दिली गेली नव्हती, याकडे २०२०-२१ च्या आर्थिक पाहणी अहवालाने आकडेवारीनिशी लक्ष वेधले होते. हीच एस अँड पी अमेरिकेतील बुडीत गृहकर्जांच्या रोख्यांना सर्वोच्च श्रेणी वाटत होती. त्या प्रकरणात तिने २०१५ साली १३७.५ कोटी डॉलर्स मोजून तडजोड केली. अशा परीक्षकाच्या गुणपत्रिकेपुढे अर्थ मंत्रालयाने वर्षानुवर्षे हात जोडून उभे राहावे काय?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. पैशाला देश नसतो, गुंतवणूकदाराने भावनेत वाहून जाऊ नये. उत्तर ऐटबाज आहे. पण फेब्रुवारी २०२२ नंतर ते कोणी शहाण्याने देऊ नये. रशियाने युक्रेनवर आक्रमण करताच पाश्चात्त्य देशांनी त्याच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलर्सची गंगाजळी गोठविली. मार्च २०२२ मध्ये एमएससीआयने आपल्या उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकातून रशियन शेअर जवळजवळ शून्य किमतीला बाहेर काढले. आक्रमणाचे समर्थन करण्याचा येथे प्रश्न नाही. पण पैशालाही पारपत्र असते, हे त्या आठवड्यात साऱ्या जगाने पाहिले.

आपले कपाट

मग भारतीय गुंतवणूकदाराने काय वाचावे? कोणी म्हणेल, आपल्याकडे आहेच काय? हा प्रश्न विचारणाऱ्याने कौटिल्यापासून सुरुवात करावी. तंजावर भागातील एका पंडिताकडून म्हैसूरच्या ग्रंथालयात आलेले अर्थशास्त्राचे हस्तलिखित आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली प्रसिद्ध केले आणि मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती तीन खंडांत सिद्ध केली. त्यातील व्याजाचे दर पाहावेत. शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हा धर्म्य दर. व्यापारासाठी पाच पण. अरण्यातून माल नेणाऱ्यासाठी दहा पण. समुद्रमार्गे जाणाऱ्यासाठी वीस पण. जोखीम वाढेल तसा परतावा वाढावा, हे तत्त्व व्यवस्थापन महाविद्यालयांत गेल्या शतकातील अमेरिकन प्राध्यापकांच्या नावाने शिकविले जाते. सरकारी अधिकारी पैसा कसा खातात त्याचे चाळीस प्रकार कौटिल्याने मोजून दाखविले आहेत. लेखापरीक्षकांनी ते प्रकरण पाठ करायला हरकत नाही.

त्यानंतर न्यायमूर्ती रानडे. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या अनुभवातून निघालेले आर्थिक नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडतात, हे त्यांनी साफ नाकारले. रानड्यांनी पाश्चात्त्य ग्रंथांचे वाचन टाळले नव्हते. जर्मनीच्या फ्रीडरिश लिस्टसारख्यांचा अभ्यास करून त्यांनी इंग्रजांच्या खुल्या व्यापाराच्या तत्त्वाला त्याच पातळीवर उत्तर दिले. दादाभाई लंडनमध्ये व्यापारी पेढी चालवीत होते आणि त्याच लंडनमध्ये १९०१ साली त्यांनी भारताच्या दारिद्र्याचा हिशेब प्रसिद्ध केला. आताच्या झारखंडमधील देवघर भागात वाढलेले मराठी घरातील सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ साली 'देशेर कथा' हे देशाच्या आर्थिक लुटीवरील पुस्तक बंगालीत लिहिले. वंगभंगाच्या काळात ते घराघरांत वाचले गेले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ चा. चलनाची किंमत घसरते तेव्हा गरिबाचे काय होते, याचे इतके तर्कशुद्ध विवेचन आजच्या चलन-व्यापाऱ्यानेही वाचावे. धनंजयराव गाडगीळांनी १९२४ साली भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीचा ग्रंथ लिहिला आणि पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करून आपले अर्थशास्त्र शेताच्या बांधावर तपासून पाहिले.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार दिवस एकात्म मानवदर्शन मांडले. स्वयंसेवकांच्या घरी ते पुस्तक असतेच. पण १९५८ साली त्यांनी पंचवार्षिक योजनांची आकड्यांनिशी चिरफाड केली होती, ते पुस्तक किती जणांनी उघडले? नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, मार्क्सवादातून बाहेर पडलेले डॉ. म. गो. बोकरे यांचे 'हिंदू इकॉनॉमिक्स' १९९३ मध्ये आले. बंगळुरूच्या आयआयएममध्ये आयुष्यभर वित्तशास्त्र शिकविलेले प्रा. आर. वैद्यनाथन यांनी २०१४ च्या 'इंडिया अनइंक.' या पुस्तकात दाखविले, की या देशाची अर्थव्यवस्था निर्देशांकातील बड्या कंपन्यांपेक्षा किराणा दुकानदार, वाहतूकदार, छोटे कारागीर आणि घरगुती व्यावसायिक यांच्या बळावर अधिक चालते. ज्याने हे पुस्तक वाचले नाही त्याने 'भारतात गुंतवणूक' हे शब्द जपून उच्चारावेत.

हे सारे लिहिताना परिवारातील मंडळींनाही दोन शब्द ऐकविणे भाग आहे. स्वदेशीवर तासभर बोलणारे अनेक कार्यकर्ते एखाद्या कंपनीचा नफा-तोटा पत्रक वाचू शकत नाहीत. सोन्याची चिमणी वगैरे भाषणांत ठीक; पण इ. स. १७०० च्या सुमारास जागतिक उत्पादनात भारताचा वाटा सुमारे २४ टक्के होता आणि १९५० साली तो चार टक्क्यांवर आला, हा अँगस मॅडिसन यांनी २००१ साली काढलेला हिशेब किती जणांना मुळातून ठाऊक आहे? दत्तोपंत ठेंगडी आर्वीसारख्या गावातून आले, १९५५ मध्ये त्यांनी भारतीय मजदूर संघ आणि १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच उभा केला. त्यांनी कम्युनिस्टांचे साहित्य कम्युनिस्टांपेक्षा बारकाईने वाचले होते, आणि सरकार आपल्याच विचारांचे असतानाही, एप्रिल २००१ मध्ये, त्याच्या आर्थिक धोरणांविरुद्ध मजदूर संघाने दिल्लीत प्रचंड मेळावा भरविला. ठेंगडींचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचे वाचनही घ्यावे. घोषणा पाठ करणे सोपे असते.

आणि मराठी प्रकाशकांचे काय? कोणत्याही पुस्तक प्रदर्शनात जावे. अर्थ-व्यवसाय विभागात रॉबर्ट कियोसाकी यांच्या 'रिच डॅड, पुअर डॅड'चा अनुवाद थप्पीने रचलेला दिसतो. श्रीमंत कसे व्हावे हे शिकविणाऱ्या या गृहस्थांच्या एका कंपनीने २०१२ साली दिवाळखोरी पत्करली होती, हे मलपृष्ठावर छापलेले नसते. त्याच मांडणीत रामकृष्ण विश्वनाथ, रानडे, देऊस्कर आणि गाडगीळ टिपांसह, आजच्या वाचकाला झेपेल अशा मराठीत का नसावेत? दरमहा २५ हजार कोटी बाजारात ओतणाऱ्या समाजाला एवढा खर्च जड जाण्याचे कारण नाही. शाखेच्या वस्तीवरील वाचनालये, गणेशोत्सव मंडळांच्या व्याख्यानमाला, बँक कर्मचाऱ्यांचे अभ्यासवर्ग या सगळ्यांत महिन्याला एक सायंकाळ या कामासाठी काढता येईल.

सुरुवात रानड्यांच्या १८९२ च्या व्याख्यानाने करावी. ते एका बैठकीत वाचून होते. बफे २०२५ अखेर पायउतार झाले असून भागधारकांना वार्षिक पत्र लिहिण्याचे काम आता ग्रेग एबल यांच्याकडे आले आहे. ते पत्र फेब्रुवारीच्या अखेरीस येते. तोवर रानड्यांबरोबर तर्खडकरांची पत्रेही वाचून होतील.